लाख मैल पळालेली गाडी आणि लोहाराचा मुलगा

जुनी मोटारसायकल विकायची असो की घ्यायची, पहिला प्रश्न ठरलेला. रनिंग किती? भारतात साठ-सत्तर हजार किलोमीटर सांगितले की समोरचा मान हलवतो आणि किंमत पाडायला लागतो. इथे अमेरिकेत लांब पल्ल्याच्या टूरिंग बाइकवाल्यांमध्ये मात्र लाख मैल म्हटलं तरी कोणी वळून बघत नाही.

माझ्याकडे 1994 सालची होंडा गोल्ड विंग आहे. मीटरवर 1,48,000 मैल झालेत, म्हणजे जवळजवळ 2,38,000 किलोमीटर. इंजिन अजून उघडलेलं नाही. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, कारण या गाडीच्या बाबतीत ते फारसं नवलाचं नाही. पण कोल्हापूरहून मेहुण्यांचा फोन आला की त्यांचा सूर काळजीचाच असतो. तीस वर्षांची गाडी, वय तुमचं साठीच्या पुढे, मागे ताई बसणार, आणि तुम्ही सातशे मैलांवर जाणार. कशाच्या भरवशावर?

प्रश्न रास्त आहे. यंत्रावर भरवसा टाकायचा म्हणजे ते करणाऱ्या माणसांवर टाकायचा. म्हणून यावेळी गाडीबद्दल न लिहिता त्या माणसाबद्दल लिहितो, ज्याचं नाव तिच्यावर आहे. आपल्या पिढीतल्या बहुतेकांनी ते नाव पहिल्यांदा वाचलं ते कायनेटिक होंडा स्कूटरवर नाहीतर हिरो होंडा सीडी 100 वर. होंडा हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मलासुद्धा फार उशिरा कळलं.

सोइचिरो होंडाचा जन्म 17 नोव्हेंबर 1906 चा, जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार, आई विणकाम करणारी. वडील पुढे सायकली दुरुस्त करू लागले. शाळेत पोराचं लक्ष कमी, भात्यापाशी जास्त. गावात पहिली मोटार आली तेव्हा हा तिच्यामागे धावला आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास घेत राहिला. 1917 मध्ये हामामात्सुला एका अमेरिकन वैमानिकाच्या विमानाच्या कसरती होत्या. अकरा वर्षांच्या आतला हा मुलगा वडिलांची मोठी सायकल घेऊन तिथे पोचला. तिकिटाला पैसे पुरेनात, म्हणून झाडावर चढून बघितलं.

1922 मध्ये, पंधराव्या वर्षी, तो टोकियोला आर्ट शोकाई नावाच्या मोटार गॅरेजात उमेदवारीला लागला. इंजिनं शिकायला म्हणून गेला आणि सुरुवातीचे काही महिने मालकाचं तान्हं मूल सांभाळण्यात गेले. पण पाठीवर मूल घेऊनही त्याचा डोळा गॅरेजात. 1 सप्टेंबर 1923 ला टोकियोत महाभूकंप झाला, आगी लागल्या, आणि गिऱ्हाइकांच्या गाड्या वाचवण्याच्या धांदलीत या पोराने आयुष्यात पहिल्यांदा मोटार चालवली. बरेच कामगार गावी निघून गेले. जे राहिले त्यांच्यात हा होता. जळक्या, मोडक्या गाड्या दुरुस्त करता करता तो पक्का मेकॅनिक झाला.

माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, म्हणून ही पायरी मला महत्त्वाची वाटते. कारखान्यातून गाडी बाहेर काढणाऱ्याला ती नवी असताना कशी असते ते ठाऊक असतं. डेपोतल्या माणसाला ती कुठे मरते ते ठाऊक असतं. सोइचिरोंनी गाडी बनवण्याआधी वीसेक वर्षं गाड्या मरताना पाहिल्या होत्या.

1928 मध्ये मालकाने त्यांना हामामात्सुला आर्ट शोकाईची शाखा काढून दिली. वय एकवीस. चाकांचे आरे तेव्हा लाकडी असत. भूकंपाच्या आगीत ते जळून गेलेले सोइचिरोंनी बघितले होते. त्यांनी ओतीव लोखंडाचे आरे केले, पेटंट घेतलं आणि पैसा आला. शर्यतीचाही नाद होता. 1936 मध्ये टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर मोठा अपघात झाला. ते आणि शेजारी बसलेला धाकटा भाऊ दोघेही जबर जखमी झाले.

त्यानंतर दुरुस्ती सोडून त्यांनी पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. पिस्टन रिंग म्हणजे पिस्टनभोवतीचं बारीक कडं. बोटभर वस्तू, पण इंजिन किती वर्षं टिकणार हे बरंचसं तिच्यावर ठरतं. ती झिजली की ऑइल वर चढतं, धूर येतो, आणि आपल्याकडे म्हणतात तसं इंजिनचं काम निघतं. सोइचिरोंच्या रिंगा काही जमेनात. कडक तरी होत किंवा ठिसूळ. शेवटी तिशी ओलांडलेला हा गॅरेजमालक हामामात्सुच्या तांत्रिक विद्यालयात पोरांच्या शेजारी जाऊन बसला. तिथल्या प्राध्यापकांनी दाखवून दिलं की धातूत सिलिकॉन कमी पडतंय. सोइचिरो आपल्या कामापुरतं ऐकायचे आणि परीक्षेला बसायचे नाहीत. शाळेने काढून टाकलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. टोयोटाला तपासणीसाठी 50 रिंगा दिल्या, त्यातल्या फक्त 3 पास झाल्या. पुन्हा कारखाने पालथे घातले, पुन्हा शिकले, आणि मग माल पसंत पडायला लागला.

मी पोटापाण्यासाठी तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनचं काम केलं. पन्नासांतले सत्तेचाळीस परत आले की बहुतेक पुरवठादार तपासणाऱ्याशी भांडतात. आपलाच धातू पुन्हा वितळवणारे फार थोडे.

मग युद्ध आलं. एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, दुसरा जानेवारी 1945 च्या भूकंपात कोसळला. उरलेलं सगळं 4,50,000 येनला टोयोटाला विकून सोइचिरोंनी वर्षभर चक्क सुट्टी घेतली. 1946 च्या शरद ऋतूत पुन्हा एक छोटी शेड टाकली. लष्कराच्या वायरलेस सेटचे जनरेटर चालवणारी लहान इंजिनं पडून होती. ती सुमारे पाचशे मिळाली आणि सायकलींना जोडली गेली. गाड्या, बस, रेल्वे सगळ्याचीच बोंब असलेल्या त्या दिवसांत लोकांच्या उड्या पडल्या. चाचणीला त्यांनी बायकोला, साची यांना, सायकलवर बसवून गावातून फिरवलं. परत आल्यावर साचीबाईंनी आपले तेलाने माखलेले कपडे दाखवले. पुढच्या स्वतःच्या इंजिनात ती गळती बंद करण्यात आली. घरच्या तक्रारीइतका प्रामाणिक रिपोर्ट कोणताच नसतो, हे वाचकांतल्या नवरोजींना सांगायला नको.

24 सप्टेंबर 1948 ला होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा आले, आणि हिशोब, विक्री, बँका हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं. सोइचिरोंनी फक्त यंत्रांकडे पाहायचं. स्वभाव तापट. कामात हयगय दिसली की हातातलं हत्यार फेकून मारायचे. कारखान्यात त्यांना गडगडाटी म्हातारा अशा अर्थाचं नाव पडलं होतं. हे काही कौतुकाचं नाही, पण लपवण्यासारखंही नाही.

1951 मध्ये त्यांनी ड्रीम ई हे 146 सीसीचं फोर-स्ट्रोक मॉडेल तयार केलं. चाचणीसाठी निवडला हाकोने घाट. त्या काळी चढावर इंजिनं तापत आणि मधेमधे थांबवून गार करावी लागत. 15 जुलैला वादळी पावसात कियोशी कावाशिमा नावाचा तरुण इंजिनिअर गाडी घेऊन घाट चढला. मागून मोटारीत सोइचिरो आणि फुजिसावा. मोटार मागे पडली, मोटारसायकल न थांबता माथ्यावर पोचली.

सगळंच असं सरळ गेलं नाही. 1954 ची जुनो स्कूटर दिसायला देखणी, पण झाकलेलं इंजिन तापायचं. ती सपशेल पडली. परदेशातून आणलेल्या महागड्या यंत्रांचं कर्ज डोक्यावर, कंपनी बुडायच्या बेतात, आणि त्याच वर्षी सोइचिरोंनी जाहीर केलं की आपण ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन टीटी शर्यतीत उतरणार. ते स्वतः शर्यत बघायला गेले आणि हादरले. तिथली इंजिनं त्यांच्या इंजिनांच्या तिप्पट ताकद देत होती. येताना टायर, साखळ्या, कार्ब्युरेटर असं सामान बॅगा भरभरून आणलं. 1959 मध्ये होंडाचा संघ पहिल्यांदा उतरला आणि 125 सीसीत सांघिक बक्षीस घेऊन आला. 1961 ला 125 आणि 250 या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाचे होते. दरम्यान 1958 मध्ये 50 सीसीची सुपर कब आली. तिच्या घराण्याने पुढे दहा कोटींचा आकडा ओलांडला. आपली सीडी 100 याच घराण्यातली.

आता अमेरिका. जून 1959 मध्ये होंडाने लॉस एंजेलिसला दुकान थाटलं. 1960 च्या वसंतात तक्रारी सुरू झाल्या. मोठ्या मॉडेलांतून ऑइल गळतंय, क्लच जातोय. कारण साधं होतं. जपानात लोक थोडं अंतर आणि बेताच्या वेगात जायचे. इथे लोक हायवेवर तासन् तास गाडी ताणायचे. घरच्या रस्त्यांवर उत्तम चाललेलं इंजिन परक्या देशाच्या अंतरापुढे हरलं. आपल्यापैकी जे सुटकेस घेऊन इथे उतरले, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हातात पैसा बेताचा असतानाही त्या गाड्या विमानाने जपानला पाठवल्या गेल्या. तिथे प्रयोगशाळेत रात्रंदिवस चालवून अमेरिकन वापराची नक्कल केली. महिनाभरात नवं हेड गास्केट आणि नवी क्लच स्प्रिंग तयार झाली. लांब पल्ल्याच्या टिकाऊपणाची पाळंमुळं मला या महिन्यात दिसतात. ग्राहक गाडी चुकीची चालवतो असं म्हणून फाइल बंद करणं सोपं होतं. त्यांनी ग्राहकाचं चालवणं हेच प्रमाण धरलं.

1969 ची सीबी 750 चार सिलिंडरची आणि पुढे डिस्क ब्रेक असलेली. तिने मोठ्या मोटारसायकलींचं जग बदललं. पण त्याच सुमारास कंपनीत भांडण पेटलं होतं. सोइचिरोंचा हवेने गार होणाऱ्या इंजिनांवर फार जीव. त्यांचं म्हणणं असं की रेडिएटरमधलं पाणीसुद्धा शेवटी हवेनेच गार होतं, मग मधे पाणी हवंच कशाला? लोहाराच्या पोराला शोभेल असा साधा हिशोब. पण तो मोठ्या इंजिनांत बसेना. 1968 मध्ये फ्रान्समध्ये होंडाची हवेवर थंड होणारी फॉर्म्युला वन गाडी पावसात घसरून पेटली आणि चालक जो श्लेसर मरण पावला. कंपनीच्याच चालकाने, जॉन सर्टीस यांनी, ती गाडी तयार नाही म्हणून चालवायला नकार दिला होता. 1969 ची एअर-कूल्ड मोटार एच 1300 महाग आणि गुंतागुंतीची ठरली, चालली नाही.

तरुण इंजिनिअर वैतागले. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान वाऱ्यावर, वेगावर, ट्रॅफिकवर ठरतं. ते सारखं वरखाली झालं की धातू फुगतो-आकसतो, फटी बदलतात, धुराची मापंही बिघडतात. पाणी असलं की इंजिन एका ठरावीक तापमानाच्या आसपास राहतं. पण हे म्हाताऱ्याला सांगणार कोण? शेवटी फुजिसावा गेले आणि त्यांनी विचारलं की तुम्हाला कंपनीचा अध्यक्ष म्हणून राहायचंय की इंजिनिअर म्हणून. सोइचिरो थोडा वेळ गप्प राहिले आणि अध्यक्ष म्हणाले. म्हणजे पाण्याला परवानगी मिळाली.

1972 मध्ये याच पोरांनी सीव्हीसीसी इंजिन केलं. अमेरिकेच्या नव्या प्रदूषण कायद्यात बसणारं ते पहिलं इंजिन. सोइचिरोंना त्यात बड्या कंपन्यांना गाठायची संधी दिसली. पोरांनी सांगितलं, आम्ही हे कंपनीसाठी नाही, स्वच्छ हवेसाठी केलं. त्यांना ते लागलं, आणि पटलंही. ऑक्टोबर 1973 मध्ये ते आणि फुजिसावा एकाच वेळी पायउतार झाले. सोइचिरो 66 वर्षांचे, फुजिसावा 62 चे. मुलांना कंपनीत घ्यायचं नाही हे दोघांनी पूर्वीच ठरवलेलं. नवे अध्यक्ष झाले कावाशिमा, वय 45. तेच, ज्यांनी पावसात हाकोने घाट चढवला होता.

वर्षभरात, 1974 च्या शरद ऋतूत, जर्मनीत कोलोनच्या प्रदर्शनात एक अजस्र मोटारसायकल आली. गोल्ड विंग जीएल 1000. प्रकल्पाचे प्रमुख शोइचिरो इरिमाजिरी. 999 सीसी, चार सिलिंडर समोरासमोर आडवे, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खातो आणि थरथर कमी. साखळीऐवजी शाफ्ट, त्यामुळे चेन-स्प्रॉकेट घासून जायची भानगड नाही. पेट्रोलची टाकी सीटखाली, वजन खाली. आणि इंजिन पाण्याने थंड होणारं. ज्या गोष्टीशी सोइचिरो वर्षानुवर्षं भांडले, ती त्यांच्या नावाच्या सगळ्यात दूर जाणाऱ्या गाडीच्या पोटात होती. ते अडून बसले असते तर ही गाडी अशी झाली असती असं मला वाटत नाही.

अमेरिकनांनी तिला काच-फेअरिंग आणि डिक्क्या लावून टूरिंग बाइक बनवलं. ते बघून 1980 मध्ये कंपनीने स्वतःच तसं मॉडेल दिलं. त्याच वर्षी ती आमच्या ओहायोत, मेरिसव्हिलला, बनू लागली. कोलंबसहून ते गाव तासाभराच्याही आत आहे. 2009 ला तो कारखाना बंद झाला, पण माझी गाडी तिथलीच. 1988 पासूनच्या जीएल 1500 ला सहा सिलिंडर, 1520 सीसी. हायवेवर ते इंजिन इतक्या सावकाश फिरतं की त्याला कष्ट पडतच नाहीत. व्हॉल्व्ह ट्यूनिंगची कटकट नाही, कारण ते हायड्रॉलिक यंत्रणेने आपोआप जुळतात.

दोष नव्हते असं नाही. त्याआधीच्या जीएल 1200 चा स्टेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, जळण्यासाठी बदनाम होता. बदलायचा तर अख्खं इंजिन खाली काढावं लागायचं. 1500 मध्ये अल्टरनेटर बाहेरून काढता येईल असा दिला. पुन्हा तीच रीत, कुठे मरते ते बघा आणि तिथे सुधारा.

म्हणून मेहुण्यांना माझं उत्तर असं आहे. मीटरवरचा आकडा एकटा काही सांगत नाही. दीड लाख मैल वेळेवर ऑइल बदलून हायवेवर पळालेली गाडी ही वीस हजार मैल होऊन दहा वर्षं गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा बरी. रबर वयाने मरतं, मैलांनी नव्हे. टायर, ब्रेकच्या होज, कूलंटचे पाइप तारखेने बदलावेत. 1500 चा टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि खेळ खलास. तो स्वस्तात मिळतो, वेळेवर घालावा. शाफ्टचं ऑइल विसरू नये. पावत्यांची फाइल बघावी. ज्याने फाइल ठेवली त्याने गाडी ठेवली.

निवृत्तीनंतर सोइचिरोंनी काय केलं, तर जपानभर होंडाचे कारखाने, दुकानं, सर्व्हिस सेंटर अशा सातशेच्या आसपास ठिकाणी जाऊन कामगारांचे हात हातात घेऊन आभार मानले. या कामाला दीडेक वर्ष लागलं. एका मेकॅनिकने हात तेलकट म्हणून मागे घेतला, तर त्यांनी तोच हात ओढून घेतला. लहानपणी रस्त्यावर वास घेतलेलं तेच तेल. 1989 मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. हा मान मिळवणारे ते पहिले जपानी. परत येऊन त्यांनी ते पदक फुजिसावांच्या स्मृतीपुढे नेऊन ठेवलं. फुजिसावा काही महिन्यांपूर्वीच गेले होते.

5 ऑगस्ट 1991 ला, 84 व्या वर्षी, सोइचिरो होंडा गेले. कंपनीने मोठी अंत्ययात्रा काढू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. गाड्या बनवणाऱ्याच्या मरणाने रस्त्यावर ट्रॅफिक जाम होणं त्यांना पसंत नव्हतं.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं ब्लू रिज पार्कवेला निघतोय. बेल्ट आणि पुढचा टायर नवे घातलेत. मेहुण्यांना फोटो पाठवीन.